शनिवारच्या चौदा पिशव्या

१० जानेवारी, शनिवार

शेगडी गेली! ड्वेनने स्वतःच्या हाताने गॅसची नळी काढली, तोंडाला बूच मारलं, पाना खिशात घातला आणि वर मलाच म्हणतो, "ताई, रडू नकोस, बाबांच्याच भल्यासाठी आहे हे." रडतंय कोण? धाकट्या भावाच्या कानाखाली वाजवायची इच्छा गिळत होते, त्याने डोळ्यांत पाणी आलं.

एकदा — एकदाच! — शहाऐंशी वर्षांचा माणूस लापशीचं पातेलं शेगडीवर ठेवून पंप गोठलाय का बघायला बाहेर गेला आणि विसरला. पातेलं जळलं, पडदा जळला, भिंत काळी झाली. शेजाऱ्याने धूर बघून धावत येऊन विझवलं. तेवढ्यावरून ड्वेनने नॉर्डालच्या वृद्धाश्रमात खोलीसुद्धा बघून ठेवली. आई तिथेच अकरा महिने काढून गेली. बाबा रोज तिला भेटून यायचे आणि अंगणात गाडीतच बसून राहायचे. तेव्हाच म्हणाले होते, "मला गोठ्यात ठेवा, पण तिथे नको."

शेवटी डॉ. हेगननी तोड काढली. शेगडीशिवाय हिवाळा काढून दाखवा. दर शनिवारी वजन करायचं. एकशे चाळीस पौंडांच्या खाली गेलं नाही तर घरी राहा. गेलं की वृद्धाश्रम, तक्रार नाही. बाबांनी मान हलवली. "ठीक."

म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं.

११ जानेवारी, रविवार

दुपारचं जेवण चर्चच्या बायका पोचवतात, रस्ता उघडा असेल तेव्हा. पण बाबांची सकाळ म्हणजे ओट्सची लापशी, आणि संध्याकाळही तीच. आयुष्यभर. तेव्हा चौदा पिशव्या आठवड्याला. आपोआप बंद होणारी विजेची किटली आणली आहे. पिशवी वाडग्यात ओतायची, वर उकळतं पाणी, दोन मिनिटं झाकण. यात विसरायला आहेच काय?

दुकानातली तयार पाकिटं मी आणणार नाही. चिमूटभर ओट्स, बाकी साखर आणि हवा, खोक्यावर दात काढणारी बाई, आणि किंमत बघितली की भूकच मरते. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं तीनशे पोरांना नाश्ता घातलाय मी! मला कोण शिकवणार?

पोत्यातले बारीक ओट्स घ्यायचे. त्यातला तिसरा हिस्सा मिक्सरमधून पिठासारखा काढायचा — सगळी मेख इथे आहे. पीठ नसेल तर लापशी मिळून येत नाही. खाली ओट्स बसतात, वर गढूळ पाणी. मग दुधाची पावडर, साखर, किंचित मीठ, दालचिनी, बेदाणे. साखर साधी पांढरी, कारण पिवळी ओलसर साखर पिशवीत गठ्ठे धरते. टेबलावर चौदा पिशव्या तोंड उघडून रांगेत उभ्या करायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक जिन्नस टाकत जायचं. मापं मी वापरत नाही. हाताला माहीत आहे.

पिशव्या धुतलेल्याच. आई पावाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळवायची.

एक करून खाल्ली. झकास!

१७ जानेवारी, शनिवार

बर्फातून वीस मैल. बाबांना काट्यावर उभं केलं — खिशाखिशांची जाड शेतातली ओव्हरऑल, बूट सगळ्यासकट. एकशे त्रेचाळीस. ड्वेनला लगेच फोन लावून सांगितलं. "अजून हिवाळा संपला नाही ताई," म्हणे. मेला!

बाबांनी माझ्यादेखत एक वाडगा संपवला. चमच्याने तळ खरवडला. "कशी झाली?" विचारलं. "चांगली आहे." यापेक्षा जास्त ते बोलणार नाहीत हे मला ठाऊक. आमच्याकडे समोर आलेल्या अन्नाला नाव ठेवणं म्हणजे करणारीच्या तोंडावर थुंकणं. लहानपणी ड्वेन एकदा आईच्या सुक्या माशाला "शी" म्हणाला, तर बाबांनी त्याला तीन दिवस तोच मासा वाढला. चौथ्या दिवशी ड्वेन मागून खायला लागला.

२१ जानेवारी, बुधवार

अर्धा तास गाडीच्या चाव्या शोधल्या. शाळेत उशीर. चाव्या कुठे — तर बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्याच्या पाकिटाखाली! या थंडीने माणसाचं डोकंही गोठतं.

२४ जानेवारी, शनिवार

एकशे एकेचाळीस. दोन पौंड एका आठवड्यात. "खाताय ना सगळं?" "खातोय." कपाटात बघितलं, गेल्या शनिवारच्या पिशव्या सगळ्या संपलेल्या. रिकाम्या पिशव्या धुऊन घडी करून ठेवलेल्या, माझ्यासाठी. मग वजन जातं कुठे?

२९ जानेवारी, गुरुवार

बर्निसशी कडाक्याचं भांडण. शाळेत नोकरीला लागून दोन वर्षं झाली नाहीत आणि मला म्हणते, "आर्डिसबाई, तुम्ही पिठात यीस्ट दोनदा घातलंत." मी? मी पाव करत होते तेव्हा तू पाळण्यात होतीस बाई! पीठ भांड्याबाहेर येऊन टेबलभर पसरलं हे खरं. भट्टीजवळ ठेवलं होतं, गरमीने फुगलं. हे सगळ्यांसमोर सांगितलं. बर्निस काही बोलली नाही, फडक्याने टेबल पुसत राहिली. तिच्या त्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

३१ जानेवारी, शनिवार

एकशे चाळीस. अगदी काठावर.

बाबांचे गाल बसलेत. ओव्हरऑलचे पट्टे दोन भोकं वर गेलेत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही लापशी कुत्र्याला तर घालत नाही?" म्हणाले, "कुत्रा मेला त्याला सहा वर्षं झाली, आर्डिस." माझ्याकडे असे टक लावून बघत होते! मी चिडले. "ते माहीत आहे मला, उदाहरण दिलं." मी तावातावाने खूप बोलले. त्यांना म्हटलं, तुम्हाला स्वतःची पर्वा नाही, मी शनिवार-रविवार तुमच्यापायी मरते, आणि एका पौंडाने सगळ्यावर पाणी पडेल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. निघताना गाडीची काच पुसून दिली, हाताने, मोजा न घालता.

वाटेत रडले. या पुढच्या शनिवारी काटा एकशे एकोणचाळीसवर गेला तर ड्वेन त्यांना घेऊन जाणार. आईची ती खोली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आता हात सैल सोडायचा. दूध पावडर दुप्पट, साखर दुप्पट, बेदाणे मूठभर. रांग निम्मी झाली होती तेवढ्यात ड्वेनचा फोन. बोललो वीस मिनिटं, म्हणजे भांडलो. परत येऊन पुढचं भरलं. बघू आता कसं वजन वाढत नाही!

५ फेब्रुवारी, गुरुवार

मिठाची मोठी बरणी रिकामी! साखरेची काठोकाठ. मीठ गेलं कुठे? पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकलं असेन. टाकलंच असणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

एकशे त्रेचाळीस!!! तीन पौंड वाढले! बाबांना मिठी मारली तर अंग चोरून मागे सरले. असू दे. आमच्यात मिठ्या मारायची पद्धतच नाही.

मारे ड्वेनला फोन केला. आधी त्याने आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, "बरं झालं ताई. खरंच बरं झालं." त्यालाही आनंद झाला असावा. वाईट नाही तो. घाबरट आहे.

जाताना बाबांच्या घराचा फाटा चुकला होता तेवढं मात्र खटकलं. थेट पुढच्या गावच्या धान्याच्या कोठारापर्यंत गेले. बर्फात सगळे फाटे सारखेच दिसतात. पण साठ वर्षांचा रस्ता!

१० फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवार नाही, बुधवार आहे. ११.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एकशे चव्वेचाळीस. काटा खोटं कशाला बोलेल? चेहरा मात्र वाळलेल्या सफरचंदासारखा. "बाबा, वजन वाढतंय आणि तुम्ही दिसताय असे कसे?" "म्हातारा आहे मी," म्हणाले.

मी जरा वेळ थांबून वाडगा करून देते म्हटलं, तर घाईने नको म्हणाले. "तू जा. अंधाराच्या आत घरी पोच. फाट्याजवळ हळू चालव." फाट्याचं मी त्यांना सांगितलं होतं का? सांगितलं असेन.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल चर्चमध्ये प्रार्थनेनंतरची कॉफी करायची पाळी माझी होती म्हणे. मी गेलेच नाही! सगळी मंडळी रिकाम्या कपांसमोर बसून राहिली. कोणी रागावलं नाही, उलट आज दोघींनी केक आणून दिले. याची जास्त लाज वाटली. दारावरच्या कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय — "कॉफी, मी". लाल शाईने.

बर्निसचं गप्प बसणं आठवलं. भीती वाटली. लिहून ठेवते आणि पान उलटते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कोटही न काढता लिहायला बसलेय.

आज बाबांची डॉ. हेगनकडे तपासणी होती. ड्वेन घेऊन गेला, मी शाळेतून परस्पर पोचले. नर्सने त्यांना कपडे काढून पातळ झगा घालायला लावला आणि काट्यावर उभं केलं. एकशे एकतीस.

मी म्हटलं, काटा बिघडलाय तुमचा! नर्सने पुन्हा उभं केलं. एकशे एकतीस. झग्यातून त्यांच्या पाठीचे मणके मोजता येत होते. ड्वेनने खुर्चीवरची ओव्हरऑल उचलली आणि ती त्याच्या हातातून खाली पडली — धाडकन! खिशांतून ट्रॅक्टरचे नट, बोल्ट, साखळीचा हातभर तुकडा, मासे धरायच्या गळाची शिशाची वजनं. फरशीभर लोखंड. बाबा भिंतीकडे बघत उघड्या पायांनी उभे.

मी ओरडले त्यांच्यावर. डॉक्टरांसमोर, नर्ससमोर. "फसवलंत मला! मी चौदा-चौदा पिशव्या भरून आणते आणि तुम्ही फेकता!" त्यावर फक्त एवढंच म्हणाले, "फेकलं नाही काही. आजवर अन्न फेकलेलं नाही मी."

ड्वेन उद्या त्यांचं सामान बांधणार. हरले मी.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते. नाहीतर उद्या म्हणेन की झालंच नाही.

सकाळी दोघंही बाबांकडे गेलो. ड्वेन न खाता आला होता. बाबा खोलीत न्यायचे कपडे काढून ठेवत होते, मी सुटकेस पुसत होते. ड्वेनने कपाटातली एक पिशवी घेतली, किटली लावली, लापशी केली. पहिला चमचा तोंडात घातला आणि धावत जाऊन बेसिनमध्ये थुंकला. "ताई, हे काय आहे? मीठ आहे नुसतं!" मी चाखली. जीभ भाजल्यासारखी झाली. म्हटलं, एखादी चुकली असेल. दुसरी फोडली — तीही तशीच. तिसरीत साखर नाही, दूध नाही, नुसतं पीठ.

बाबा दारात येऊन उभे राहिले. ड्वेन म्हणाला, "बाबा, हे खात होता तुम्ही?" म्हणाले, "ज्या चांगल्या होत्या त्या खाल्ल्या."

"आणि बाकीच्या?"

बाबा वळले. मग मागच्या थंड पडवीतून बुटांचं खोकं घेऊन आले. आत पिशव्या नीट उभ्या लावलेल्या, बियाण्याच्या पाकिटांसारख्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेन्सिलीने तारीख, खाली बाबांचं तिरकं अक्षर. मीठ. मीठ. दूध नाही. मीठ दोनदा. नुसती दालचिनी. सव्वीस पिशव्या.

मला आधी रागच आला! "एका शब्दाने सांगायचंत ना!" म्हटलं. "मेला असतात उपाशी! सांगायला काय झालं होतं?"

बाबा खुर्चीवर बसले. म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं, घाईत झालं असेल. केलेल्याला नाव कशाला ठेवा. मग दर शनिवारी होऊ लागलं. त्यात तू एक गोष्ट तीनदा सांगायचीस. फाटा चुकलीस तेही दोनदा सांगितलंस. वजन कमी भरलं असतं तर पहिली चौकशी पिशव्यांची झाली असती. शाळेत कळलं असतं. तुझी नोकरी गेली असती, पोरी."

"म्हणून खिशात लोखंड?" ड्वेन म्हणाला.

"तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," बाबा म्हणाले. "मी तेव्हाही कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, नाही बोललं तर नसेल."

ड्वेन बेसिनशी पाठ करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. पन्नाशीचा माणूस! मी सुटकेस पुसत राहिले. दुसरं काय करणार होते?

२२ फेब्रुवारी, रविवार

मी म्हटलं ड्वेनला, हे एकदा सिद्ध होऊ दे. ये, बस माझ्या टेबलाशी. तुझ्यासमोर चौदा पिशव्या भरते. बघ तू.

भरल्या. मन लावून भरल्या. कोणाचा फोन नाही, घाई नाही. पीठ, ओट्स, पावडर, साखर, मीठ, दालचिनी, बेदाणे. हात झटकले. "झालं की नाही व्यवस्थित?" तो माझ्याकडे बघेना. "बोल ना, मेल्या!"

म्हणाला, "ताई, दूध पावडरचा डबा तू उघडलाच नाहीस."

डबा टेबलावर होता. झाकणाखालचा कागद तसाच चिकटलेला, फाडलेलासुद्धा नाही. पण मला आठवतंय! पांढरी पावडर चमच्यातून पडताना मी डोळ्यांनी बघितली! मग काय बघितलं मी?

ड्वेनने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना मी त्याचा धरायचे तसा.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बर्निसची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही शेजारी उभ्या राहा आर्डिसबाई, मापं मी घेते." आज तसंच केलं. पाव चांगले झाले. मुख्याध्यापकांना सोमवारी मी स्वतःच सांगणार आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ड्वेनने डॉ. हेगनना पिशव्यांचं सगळं सांगितलं होतं, आज त्यांचा फोन. बाबांचं डोकं ठणठणीत आहे म्हणाले, सगळी उत्तरं दिली, खिशातल्या बोल्टांचं मापसुद्धा सांगितलं. खायला मिळालं की वजन भरेल. घरी राहू द्या. शेगडी परत जोडा!

जिंकले बाबा! सुटकेस आम्ही माळ्यावर टाकली. ड्वेनने स्वतःच्या हाताने नळी बसवली. मी टाळ्या वाजवल्या आणि मग टेबलाखाली हात दडवले. माझी मोठ्या डॉक्टरांकडची तारीख दहा मार्च आहे. डोक्याचे फोटो काढणार. काय निघेल ते निघो. भीती वाटते. फार वाटते.

१ मार्च, रविवार

सकाळी दारात ड्वेनची गाडी. मागच्या सीटवर बाबा, मांडीवर तीच सुटकेस. घराला कुलूप लावून आलेत, चावी शेजाऱ्याला दिली. मी म्हटलं, बाबा, हे काय, तुम्ही जिंकलात ना! आत येऊन माझ्या शेगडीचे चारही कान त्यांनी एकेक करून तपासले आणि म्हणाले, "मागची खोली मला दे. उद्यापासून सकाळची लापशी मी करणार."